1 जुलै 1867 : एकाच दिवशी झालेले दोन कायदे, गोवा आणि फाशी

अंत्रुजकर

गोव्यात समान नागरी कायद्याचा विषय निघाला की लगेच 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता पुढे येते. नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी निम्मी, मुलांचा वाटा मृत्युपत्र करूनही डावलता येत नाही, लग्नाची नोंद सरकारदरबारी व्हायलाच हवी. मी फोंड्यात वकिली करतो, त्यामुळे वाटण्यांच्या दाव्यांत या संहितेशी माझा रोजचा संबंध. ती 1 जुलै 1867 रोजी राजा दों लुईश पहिला याच्या काळात मंजूर झाली. पण त्याच तारखेला लिस्बनमध्ये आणखी एक कायदा झाला होता आणि त्याचं नाव गोव्यात कोणी काढत नाही. त्या कायद्याने पोर्तुगालमध्ये साध्या फौजदारी गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द झाली. राजकीय गुन्ह्यांची फाशी त्याआधी, 1852 मध्येच गेली होती. 1870 मध्ये हे सगळं सागरापारच्या प्रांतांना, म्हणजे आपल्यालाही लागू झालं. लष्करी कायदा तेवढा वेगळा राहिला. त्याखाली 1917 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर एका पोर्तुगीज सैनिकाला गोळ्या घातल्या गेल्या. 1976 च्या राज्यघटनेने तोही अपवाद पुसून टाकला.

म्हणजे 1870 ते 1961 अशी एक्क्याण्णव वर्षं गोव्यात साध्या खुनाला फाशी नव्हती. त्याच वेळी तेरेखोल ओलांडून सावंतवाडीत गेलं की ब्रिटिशांची दंड संहिता आणि फाशीचा दोर. मुक्तीनंतर आपण नागरी संहिता ठेवली आणि फौजदारी कायदा भारताचा घेतला. कलम 302 त्यातूनच आलं. तेव्हा ते तसंच होणार होतं आणि मुक्तीबद्दल माझ्या मनात तिळमात्र किंतू नाही. पण एकाच दिवशी जन्मलेल्या दोन कायद्यांतला एक आपण अभिमानाने मिरवतो आणि दुसऱ्याची साधी चर्चाही होत नाही, हे मला खटकतं.

त्या दुसऱ्या कायद्याची धग मुंबईपर्यंत पोचली आहे. 1993 च्या बॉम्बस्फोटांतला अबू सालेम सप्टेंबर 2002 मध्ये लिस्बनला पकडला गेला. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड होऊ शकतो त्यासाठी माणूस दुसऱ्या देशाच्या हवाली करायला पोर्तुगालची घटना मनाई करते. तेव्हा उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणींनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली, की याला फाशी देणार नाही आणि 25 वर्षांच्या वर तुरुंगात ठेवणार नाही. 2005 मध्ये तो मिळाला. 2017 मध्ये टाडा कोर्टाने त्याच खटल्यात दोघांना फाशी सुनावली आणि सालेमला जन्मठेप. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, की दिलेला शब्द पाळावाच लागेल. एकाच कटातले आरोपी, पण एक कुठे सापडला यावर त्याचा जीव ठरला.

आता देशोदेशीचं. 2024 अखेर 113 देशांनी फाशी सर्व गुन्ह्यांसाठी रद्द केली आहे. त्यात आपला शेजारी नेपाळ आहे, भूतानही आहे. श्रीलंकेत शिक्षा कायद्यात आहे, पण 1976 पासून कोणाला फाशी दिलेली नाही. उलट बाजूला, ॲम्नेस्टीच्या मोजणीप्रमाणे 2024 मध्ये जगात 1,518 जणांना मृत्युदंड दिला गेला आणि त्यातले 972 एकट्या इराणमधले. चीन या आकड्यात नाही, कारण तिथे ही संख्या सरकारी गुपित आहे.

माझं म्हणणं असं, की फाशी आहे की नाही एवढ्यावर कुठल्या देशाला पास-नापास करू नये. माणसाला उचलल्यापासून शिक्षेपर्यंत त्याचं काय होतं ते बघावं. वकील कधी मिळतो, कबुली कशी घेतात, त्याला कळेल अशा भाषेत खटला चालतो का, चूक झाली तर ती सुधारायला वाट उरते का. या कसोटीवर मी जेवढे देश वाचले त्यातल्या एकाही देशात फाशी ठेवण्याजोगी खात्रीची यंत्रणा मला दिसली नाही. आपल्याकडेही नाही. बोला.

---

डिचोलीचे मास्तर

धागा चांगला आहे, पण पोर्तुगीजांना एवढं मोठं प्रमाणपत्र देण्याआधी थोडा इतिहास मांडतो.

1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गांवकरांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. खटला नाही, सुनावणी नाही. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या 1787 च्या पिंटो कटानंतर पंधरा जणांना पणजीत मृत्युदंड दिला. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, तर 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर अखंड चाललं.

हे सगळं 1870 च्या आधीचं, असं तुम्ही म्हणाल. मग नंतरचं घ्या. अस्नोड्याचा बाळा राया मापारी 1955 च्या फेब्रुवारीत पोलीस कोठडीतल्या मारहाणीत गेला. कुठल्या न्यायाधीशाने त्याला मृत्युदंड दिला होता? त्याच वर्षी 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन सरहद्दीवरून आत आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रादेवीचं स्मारक त्यासाठीच आहे. मी शाळेची मुलं घेऊन तिथे जात असे. कायद्याच्या पुस्तकात फाशी नाही आणि सरहद्दीवर मुडदे पडले आहेत, असं ते राज्य होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या गुप्त पोलिसांना दोराची गरजच नव्हती.

---

अंत्रुजकर

मास्तर, यातला एकही शब्द मी नाकारत नाही. पकडल्यापासून शिक्षेपर्यंत बघा असं मी म्हटलं ते याचसाठी. बाळा मापारीचं नाव प्रत्येक गोवेकर मुलाला पाठ असायला हवं.

पण एक उदाहरण जोडतो. मोहन रानडे आमच्या सावईवेऱ्यात मराठी शिकवायला आलेले. आझाद गोमंतक दलात गेले, पोलीस चौक्यांवर हल्ले केले, 1955 मध्ये बेतीच्या चौकीवर गोळी लागून पकडले गेले. 26 वर्षांची सजा झाली. पोर्तुगालला नेऊन काशियासच्या तुरुंगात डांबलं, त्यातली कित्येक वर्षं एकांतकोठडीत. गोवा 1961 ला मुक्त झाला तरी ते आतच होते. 1969 मध्ये सुटून आले आणि त्यानंतर पन्नासेक वर्षं जगले, समाजकार्य केलं. 2019 मध्ये पुण्यात गेले.

ब्रिटिश हद्दीत सशस्त्र लढ्यात पकडलेल्या माणसाचं काय झालं असतं? चाफेकर बंधू येरवड्यात फासावर गेले. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव 1931 मध्ये लाहोरला. सालाझार काही दयाळू नव्हता. पण सरकार बदलतं, काळ बदलतो, दडपण येतं, आणि माणूस जिवंत असला तर ते सगळं त्याच्या कामी येतं. रानड्यांच्या बाबतीत तेच घडलं.

---

पेडणेकर_कुवेत

वाचतोय. इथली बाजू सांगतो.

आम्ही आखातात काम करणारी माणसं. इथे कुवेतमध्ये 2022 च्या नोव्हेंबरमध्ये एका दिवसात सात जणांना फाशी दिली. त्यात बाहेरच्या देशांतलेही होते. सौदीत तलवारीने शिर उडवतात. खुनाच्या प्रकरणात मयताचे वारस सूड मागू शकतात, माफ करू शकतात किंवा दिया म्हणजे रक्ताची भरपाई घेऊन सोडू शकतात. म्हणजे पैसेवाला सुटायची शक्यता जास्त. घरकामाला आलेल्या बाईकडे कुठून येणार ते पैसे?

आणि भाषा. पोलीस ठाण्यात जबाब अरबीत लिहितात. आपल्या माणसाला बोलण्यापुरती अरबी येते, वाचता येत नाही. सही कर म्हटलं की करतो. पासपोर्ट मालकाकडे. वकील मिळेपर्यंत तो कागद कोर्टात जाऊन बसलेला असतो. आमच्या खोलीवर नवीन मुलगा आला की आम्ही त्याला पहिली गोष्ट हीच सांगतो: काही झालं तरी न वाचता सही करायची नाही, आधी दूतावासाला फोन करायला सांग. भिंतीवर नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

कतारमध्ये आपल्या नौदलाच्या आठ निवृत्त लोकांना 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मृत्युदंड सुनावला तेव्हा इथल्या प्रत्येक भारतीयाच्या घशाला कोरड पडली होती. डिसेंबरमध्ये शिक्षा कमी झाली, फेब्रुवारी 2024 मध्ये सुटले. आपल्या सरकारने सगळी ताकद लावली म्हणून. त्या दिवसांत आम्हाला कोणी विचारलं नाही की तुम्ही फाशीच्या बाजूचे की विरुद्ध.

---

नारायणपेठी

पुण्याहून लिहितोय. पेडणेकर, तुमचं पटतं. कुलभूषण जाधवांच्या बाबतीत पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने 2017 मध्ये बंद दाराआड मृत्युदंड दिला, तेव्हा आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो. 17 जुलै 2019 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, आपल्या वकिलातीला भेटू दिलं नाही, शिक्षेचा फेरविचार करा. बरोबरच झालं.

पण कसाबचं काय? 26/11 ला सीएसटीवर त्याला लोकांनी डोळ्यांनी पाहिला, फोटो आहेत. त्याला वकील दिला, वर सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं, मग 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी. यात कुठला मानवाधिकार मोडला? आणि सिंगापूर, जपान बघा. फाशी आहे आणि रात्री बायका एकट्या फिरतात.

---

सत्तरीची लेक

मला एकच विचारायचं आहे. या सगळ्या धाग्यात मेलेल्या माणसाचं नाव कुठे आहे?

गोव्यात एका माणसाने ओढण्यांनी गळे आवळून बायका मारल्या. लग्नाचं आमिष दाखवायचा, दागिने घालून ये म्हणायचा. सोळा खुनांचे आरोप, 1994 पासून 2009 पर्यंत. गरीब घरच्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुली. किती प्रकरणांत पुराव्याअभावी सुटला, काहींत जन्मठेप. मध्यंतरी फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून रजेवर, बाहेरही आला होता. त्या घरच्यांनी ती बातमी वाचली तेव्हा त्यांच्यावर काय बेतलं असेल? माझ्या ओळखीच्या एका बाईला आजही ओढणी घेताना हात थांबतो. अशा माणसाला जिवंत ठेवणं हा त्या मुलींचा अपमान वाटतो मला. हे रागाने लिहीत नाही, विचार करून लिहिते आहे.

---

मांडवीपार

ताई +1. फुकट पोसायचं कशाला?

---

अंत्रुजकर

एकेकाला उत्तर देतो, पण ताईंना आधी.

ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत मोठा आहे. त्या प्रकरणाकडे मी वकील म्हणून बघतो तेव्हा मला पहिली मुलगी दिसते. 1994. ती मेली तेव्हा तपास नीट झाला असता, तिचा मृत्यू बेवारस प्रेत किंवा आत्महत्या म्हणून गुंडाळला गेला नसता, तर बाकीच्या वाचल्या असत्या. त्या पंधरा वर्षांत आपल्या कायद्यात फाशी होतीच की. त्या माणसाला तिचं भय वाटलं नाही, कारण आपण पकडले जाऊ असंच त्याला वाटत नव्हतं. आणि शेवटी खटले उभे राहिले तेव्हा वर्षं लोटली होती. ओळख पटवायला हाडं आणि कपडे, साक्षीदारांच्या आठवणी पुसट. त्या मुलींचा अपमान तिथे झाला. हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्या बापाला ‘कोणाबरोबर तरी गेली असेल’ असं सांगून परत पाठवणारा हवालदार बदलल्याशिवाय हे थांबणार नाही. फर्लोच्या वेळी घरच्यांना आधी कळवायला हवं, त्यांचं म्हणणं ऐकायला हवं, हे मी तुमच्याइतक्याच ठामपणे म्हणेन.

नारायणपेठी, कसाबच्या खटल्यात प्रक्रिया पाळली गेली हे खरं, आणि त्याचा देशाला फायदाच झाला. पण कायदा कसाबपुरता लिहिता येत नाही. तो सगळ्यांसाठी असतो आणि सगळ्यांसाठी तसे वकील नसतात. महाराष्ट्रातलंच प्रकरण घ्या. भटक्या जमातीतले सहा जण, 2003 चा खून आणि बलात्काराचा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने ते निर्दोष आहेत असा निकाल दिला, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं आत. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही मागाहून निघालं. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर?

1980 च्या बच्चन सिंग निकालाने ‘विरळातला विरळ’ गुन्हा असेल तरच फाशी, ही कसोटी घालून दिली. 2009 मध्ये संतोष बारियार प्रकरणात न्यायालयाने स्वतः मान्य केलं, की आपल्याच काही निकालांत ही कसोटी चुकीची लावली गेली. त्यातल्या एका निकालातला आरोपी, रावजी, 1996 मध्येच फासावर गेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये मृत्युदंड झालेल्या कैद्यांचा अहवाल काढला. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश लोक आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. विधी आयोगानेही 2015 मध्ये दहशतवाद सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी काढा असं सुचवलं. पण 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा फाशीचे गुन्हे वाढलेच. झुंडबळीचा गुन्हा त्यात आला, अठरा वर्षांखालच्या मुलीवरचा सामूहिक बलात्कारही.

जपानबद्दल: तिथे कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात की आज तुझी फाशी. म्हणजे रोज सकाळी बूट वाजले की काळजात धस्स. इवाओ हाकामादा नावाचा मुष्टियोद्धा 1966 मध्ये पकडला गेला, 1968 मध्ये मृत्युदंड झाला, 2014 मध्ये बाहेर आला आणि 2024 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, निर्दोष ठरला. कोर्टाने म्हटलं की पुरावा बनावट होता. कबुली कित्येक दिवसांच्या मारहाणीतून घेतलेली. त्याची थोरली बहीण सगळं आयुष्य त्याच्यासाठी लढली. इतक्या वर्षांच्या भयाने त्याचं मन जे ढासळलं ते निकालाने सावरलं नाही.

सिंगापूरमध्ये 15 ग्रॅमहून जास्त शुद्ध हेरॉइन वाहून नेलं तर मृत्युदंड. 2022 मध्ये नागेंद्रन धर्मलिंगम या मलेशियन तमिळ तरुणाला फाशी दिली, बुद्ध्यांक 69 असूनही. माल पाठवणारे मोठे मासे त्यात कितीदा सापडतात? आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर हाँगकाँगने 1993 मध्ये फाशी काढली, तिथेही बायका रात्री निर्धास्त फिरतात. कॅनडाने 1976 मध्ये काढली, पुढच्या दशकांत खुनांचं प्रमाण खाली गेलं.

मांडवीपार, 2004 पासून 2020 पर्यंत भारतात आठ जणांना फाशी झाली. मृत्युदंडाची टांगती तलवार घेऊन आत बसलेले साडेपाचशेहून जास्त आहेत. तेही वर्षानुवर्षं पोसले जातातच, वर अपिलांचा खर्च वेगळा.

---

सत्तरीची लेक

हवालदाराबद्दल लिहिलंत ते खरं आहे. आमच्याकडे अजून तसंच बोलतात. पण माझं मत बदललेलं नाही. तपासही हवा आणि अशा माणसाला फाशीही हवी. एकाने दुसरं कसं रद्द होतं?

---

अंत्रुजकर

रद्द होत नाही, ताई. पण तपास जितका कच्चा तितकी चुकीचा माणूस सापडायची भीती मोठी. लोकांचा संताप असलेल्या गुन्ह्यात पोलिसांवर ‘कोणालातरी आणा’ असं दडपण असतं, ते मी जवळून पाहिलं आहे. एका अशिलाला पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याला तळपाय जमिनीला टेकवून उभं राहता येत नव्हतं. कबुलीचा कागद तयार होता. पुढे तो सुटला, कारण त्या वेळी तो दुसऱ्या गावी कामावर असल्याची नोंद हजेरीपुस्तकात सापडली. ती वही पावसात भिजली असती तर मी काय दाखवणार होतो कोर्टाला?

---

डिचोलीचे मास्तर

म्हणजे फिरून आपण कोठडीपाशीच आलो. बाळा मापारीपासून निघालो होतो. मग याच्यावर कायदा काय आहे आज?

---

अंत्रुजकर

मास्तर, सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालातली अटकेची बंधनं 1996 पासूनची. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं त्यात आहे. 1997 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली, पण अजून त्याला अंतिम मंजुरी दिलेली नाही आणि छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही केलेला नाही. याची किंमत देशाला मोजावी लागते. पुरुलियाला 1995 मध्ये विमानातून शस्त्रं टाकली, त्यातला आरोपी किम डेव्ही डेन्मार्कमध्ये बसला आहे. 2011 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये तिथल्या कोर्टाने त्याला आपल्या ताब्यात द्यायला नकार दिला, कारण भारतात त्याचा छळ होईल अशी भीती. फाशी देणार नाही ही हमी आपण सालेमसाठी देऊ शकलो. कोठडीत हात लावणार नाही ही हमी मात्र त्या कोर्टाला पुरेशी वाटली नाही.

फाशीवर आपलं एकमत होणार नाही, ताईंचं म्हणणं मी मनापासून ऐकलं आहे. पण छळविरोधी कायद्यावर होऊ शकेल असं मला वाटतं. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन खासदार आहेत. संसदेत प्रश्न विचारावा म्हणून एक निवेदन मराठीत आणि कोकणीत मी लिहायला घेतलं आहे. बाळा मापारीचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात आहे. मास्तर, अस्नोड्याचा तपशील तुम्ही बघून द्याल का? पेडणेकर, आखातातल्या जबाबांच्या भाषेवर चार ओळी तुमच्याकडून हव्यात.

---

पेडणेकर_कुवेत

शुक्रवारी सुट्टी आहे, लिहून पाठवतो. खोलीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊ का?

---

सत्तरीची लेक

हरवल्याच्या तक्रारीवर त्याच दिवशी गुन्हा नोंदवायचा, हा मुद्दा त्यात घाला. मग माझीही सही धरा.

---

अंत्रुजकर

घातला, ताई. तिसरा मुद्दा तोच आहे. पेडणेकर, सह्या जरूर घ्या, नावापुढे गोव्यातलं गाव लिहायला सांगा. ज्यांना मसुदा हवा त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.